वार्धक्यांतील विस्मरण व चालीची खूण

साठी बुद्धि नाठी, ही म्हण आमच्या नांदेड-लातूर भागांत इतकी रूढ आहे कीं, घरांतील म्हातारें माणूस एकच गोष्ट चार वेळां विचारूं लागलें तरी कोणास त्याचें कांहीं वाटत नाहीं. वय झालें, एवढें म्हणून विषय संपतो. ही म्हण पुष्कळांचें नुकसान करिते, असें आमचें मत आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें भारतांत ६० वर्षांवरील १०० माणसांपैकीं सुमारें ७ जणांस स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे तो वार्धक्याचा धर्म नव्हे. तो रोग आहे, आणि त्याच्या कांहीं खुणा पुष्कळदां शरीरावर अगोदर दिसूं लागतात.

त्यांत मुख्य खूण चालीची होय. डॉ. जो वर्गीस व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं अमेरिकेंतील वृद्धांच्या पाहणीवरून असें दाखविलें कीं, ज्यांची चाल मंदावली आहे व शिवाय विसर पडतो अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांस पुढें स्मृतिभ्रंश होण्याचा संभव इतरांहून बराच अधिक असतो. वाचकांस याचें नवल वाटेल. परंतु चालणें हें केवळ पायांचें काम नव्हे. बांधावर पाऊल कोठें टाकावें, तोल कसा सांभाळावा, समोरून येणाऱ्या मोटारसायकलीस वाट कशी द्यावी, हें सर्व मेंदू ठरवितो. म्हणून वाटेंत कोणी हांक मारिली असतां जो पूर्वीं चालतां चालतां उत्तर देई, तो आतां प्रत्येक वेळीं थांबून मग बोलूं लागला, तर तिकडे लक्ष द्यावें. अंगणांत ४ मीटर अंतर मोजून नेहमींच्या चालीनें चालावयास सांगावें; ५ सेकंदांहून बराच अधिक वेळ लागल्यास चाल मंद समजावी. मात्र गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या आपल्याकडे घरोघर आहेत, तेव्हां एवढ्यावरून घाबरूं नये. गेल्या वर्षींची चाल व यंदाची चाल यांची तुलना करावी.

हाताची पकड सैल होणें, वारंवार पडणें, भाजी करपली तरी वास न येणें, याही खुणा ध्यानांत ठेवाव्या. कानांविषयीं मात्र अधिक सांगितलें पाहिजे. २०२४ सालीं जगांतील तज्ज्ञांच्या एका मंडळानें १४ कारणें सांगितलीं. तीं सर्व दूर झालीं तर सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत बहिरेपण आहे, रक्तदाब व मधुमेह आहेत, तंबाखू ओढणेंही आहे. ज्यास ऐकूं येत नाहीं तो हळूहळू ओट्यावरच्या गप्पांतून उठून जातो, व त्याच्याशीं बोलणेंच बंद होतें.

आणखी एका गोष्टीनें घरचीं माणसें फसतात. आजोबा १९४८ सालची रझाकारांची धामधूम सांगतात, आजी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप जशाचा तसा वर्णन करिते. मग स्मरण बिघडलें असें म्हणावें कसें? पण या रोगांत जुनें बहुधा पुष्कळ काळ टिकतें. सकाळीं जेवण झालें कीं नाहीं, हें आधीं जातें. मग सून जेवावयास देत नाहीं असा बोभाटा होतो, आणि निष्कारण घर फुटतें.

कोणी यास भानामती म्हणतात. म्हाताऱ्या माणसास मांत्रिकापुढें बसवून मारहाण करविणें क्रूरपणाचें आहे, आणि २०१३ च्या कायद्यानें तो गुन्हाही आहे. त्यापेक्षां रक्त तपासावें. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानें किंवा थायरॉईडच्या विकारानेंही विसर पडतो, आणि त्यांवर औषध आहे. बिघाड एका दिवसांत अकस्मात् झाला असेल, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. नांदेडकरांस विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालय आहे, लातुरास विलासराव देशमुख संस्थेचें आहे. जातांना चालू असलेल्या सर्व गोळ्यांचीं पाकिटें बरोबर न्यावीं. झोपेच्या कांहीं गोळ्यांनींही चाल डळमळते व विसर पडतो, आणि डॉक्टरांस तें पाकीट पाहिल्यावांचून कळत नाहीं.