दूषीविष आणि आमवात : ऊसपट्ट्यातील हेतुविचार

आमवात हा व्याधी बृहत्त्रयीत स्वतंत्रपणे वर्णन केलेला नाही. माधवनिदानाने त्याला स्वतंत्र अध्याय दिला आणि चक्रदत्ताने त्याचे चिकित्सासूत्र सांगितले. त्या निदानात विरुद्ध आहार, विरुद्ध चेष्टा, मंदाग्नी व निश्चलता हे हेतू येतात. आपल्या व्यवसायातील बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते आजही लागू पडतात, याविषयी दुमत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. फवारणीची औषधे, धूळ, धूर, धातू अशा परिसरातील विषद्रव्यांमुळे आमवात व तत्सम ऑटोइम्यून व्याधी वाढत आहेत काय? आणि तसे असल्यास त्यांचा विचार दूषीविष म्हणून करावा काय? बेलापूर आणि प्रवरेच्या कालव्यांवर वसलेल्या श्रीरामपूर परिसरात हा प्रश्न केवळ ग्रंथचर्चेचा राहत नाही. म्हणून येथे त्याचा थोडा विस्ताराने विचार करीत आहोत.

सुश्रुताने कल्पस्थानात दूषीविषाची जी कल्पना मांडली ती प्रथम नीट समजून घ्यावी. स्थावर, जंगम अथवा कृत्रिम असे कोणतेही विष शरीरातून निःशेष बाहेर पडले नाही, किंवा जुने झाल्यामुळे, अगदांमुळे अथवा अग्नी, वारा, ऊन यांमुळे क्षीण झाले, की ते प्राण घेत नाही. कफाने आवृत होऊन ते वर्षानुवर्षे शरीरात राहते आणि देश, काल, अन्न, दिवास्वाप यांचे निमित्त मिळताच धातूंना दूषित करते. शीत वारा व अभ्राच्छादित दिवस हे त्याच्या प्रकोपाचे काळ होत. आमवाताची रुग्णा आषाढातील ढगाळ सकाळी बोटे मिटता येत नाहीत म्हणून सांगते, तेव्हा हे वर्णन आठवणे स्वाभाविकच आहे.

मात्र येथेच सावध राहावयास हवे. लक्षणांचे साम्य म्हणजे हेतूची सिद्धी नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती तीव्र विषबाधा होती, तिला दूषीविष म्हणता येणार नाही. अल्प मात्रेत, दीर्घकाळ शरीरात जाणाऱ्या विषाने स्वतःच्याच धातूंविरुद्ध प्रतिकारशक्ती उलटते किंवा कसे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक द्रव्याबाबत वेगळे आहे.

सर्वांत भक्कम पुरावा स्फटिकरूप सिलिकाच्या धुळीचा आहे. १९५३ मध्ये कॅप्लान यांनी वेल्सच्या कोळसा कामगारांत फुप्फुसातील गाठी व संधिविकार एकत्र असल्याचे नोंदविले. पुढे त्वचा कठीण होणारा स्क्लेरोडर्मा व ल्युपस यांच्याशीही या धुळीचा संबंध दिसून आला. आपल्या भागातील खडीकेंद्रांवर मात्र लगेच बोट ठेवू नये. दख्खनचा काळा पाषाण हा बेसाल्ट आहे. ग्रॅनाइट वा वालुकाश्माच्या तुलनेत त्यात मुक्त सिलिका फारच कमी असते. म्हणून "खडीवर काम करता का" एवढेच विचारून थांबू नये. ओतशाळेत साच्याच्या वाळूचे काम, परप्रांतातील वालुकाश्माच्या खाणी, सँडब्लास्टिंग यांविषयी विचारावे.

दुसरा भक्कम हेतू धूम्रपान. स्वीडनमधील अभ्यासांनी दाखविले की विशिष्ट जनुकप्रकार असलेल्या व्यक्तींत धुरामुळे फुप्फुसातील प्रथिनांत बदल होतात आणि त्यांच्याविरुद्ध, म्हणजे ज्यांची अँटी-सीसीपी ही चाचणी आपण करवून घेतो ती, प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. सांधे दुखू लागण्यापूर्वी काही वर्षे ही प्रतिपिंडे रक्तात सापडतात. विषाचे सुप्त राहणे व निमित्ताने प्रकट होणे या कल्पनेशी हे बरेच जुळते. आपल्याकडील रुग्ण बहुतांशी स्त्रिया आहेत व त्या विडी ओढत नाहीत. मिसरी मात्र लावतात. मिसरीबाबत असा स्पष्ट पुरावा उपलब्ध नाही. तरीही तिची नोंद घ्यावी, कारण ती सोडविण्यास अन्य कारणेही पुरेशी आहेत.

कीटकनाशकांविषयी पुरावा मध्यम स्वरूपाचा आहे. अमेरिकेतील स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, स्वतः कीटकनाशके वापरणाऱ्या स्त्रियांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस व ल्युपस अधिक आढळले आणि वापराचा काळ वाढला तसा संबंधही वाढला. हा संबंध आहे. कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही.

आता पाऱ्याकडे वळू. येथे आमचा स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे, कारण त्यात आमची चूक झाली होती.

ऊस लागवडीपूर्वी बेणे पारायुक्त बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडविण्याची पद्धत या भागात अनेक वर्षे होती. मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड हे ते द्रव्य. इतर पिकांसाठी ते बंद झाल्यावरही ऊस व बटाटा यांच्या बेणेप्रक्रियेसाठी त्यास परवानगी होती. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशाने तेही बंद झाले. हे काम बहुधा स्त्रिया उघड्या हातांनी करीत.

२०१९ मध्ये आमच्याकडे आलेली पंचेचाळीस वर्षे वयाची एक रुग्णा त्यांपैकीच एक होती. दोन वर्षांपासून हातापायांच्या लहान सांध्यांत शूल व शोथ, सकाळी दीड तास जखडण, ज्वरांश, अरुची, साम जिव्हा, आणि अँटी-सीसीपी होकारात्मक. तरुणपणी दहा-बारा हंगाम बेणे बुडविल्याचे तिने सांगताच आम्हांस दूषीविषाचा हेतू सापडल्याचे समाधान झाले. दोन महिन्यांनी पायांवर, नंतर चेहऱ्यावर सूज आली. सुश्रुताने दूषीविषाच्या लक्षणांत पाय, हात व मुख यांचा शोथ सांगितला आहे. आम्ही तो संदर्भ दाखवून निदान पक्के झाल्याचे मानले. मूत्रपरीक्षण तीन आठवडे उशिरा करविले. मूत्रात अल्ब्युमिन चार अधिक होते.

वृक्कतज्ज्ञांकडे पाठविल्यावर बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी आढळली आणि रक्तात पाऱ्याचे प्रमाण वाढलेले निघाले. आमचा पहिला विचार बेण्याच्या औषधाचाच होता. पण हिशेब जुळेना. रक्तातील पाऱ्याचे प्रमाण सुमारे दोन महिन्यांत निम्म्यावर येते. वीस वर्षांपूर्वीचा पारा आज रक्तात इतका दिसणे शक्य नव्हते. तेव्हा पुन्हा विचारले, आणि या वेळी घरातील सर्व औषधे घेऊन येण्यास सांगितले. पिशवीतून लेबल नसलेल्या कागदी पुड्या निघाल्या. "डॉक्टर, ही पुडी बंद केली की सांधे धरतात, म्हणून तुम्हांला सांगितलं नाही," असे ती म्हणाली. तपासणीत पुडीत पारा सापडला. जुने विष शोधण्याच्या नादात चालू विष आमच्या नजरेतून निसटले होते.

अशी उदाहरणे एकाकी नाहीत. पारंपरिक औषधे घेणाऱ्या भारतीय रुग्णांतील नेल-१ प्रकारच्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीची मालिका २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध थांबविल्यावर बहुतेकांत सुधारणा झाली. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाच्या पारायुक्त क्रीममुळे हाच विकार दिसून आला. म्हणजे प्रतिकारशक्तीचा उलटा व्यापार पारा वृक्कात घडवू शकतो, हे आता नाकारता येत नाही. रसौषधींचा अभिमान बाळगणाऱ्या आपणांस हे वाचणे जड जाते. परंतु उत्तर केवळ "शोधन-मारण नीट केले नसेल" एवढेच देणे पुरेसे नाही. वारितर व रेखापूर्ण या परीक्षा भस्माची सूक्ष्मता व लाघव सांगतात. शरीरात किती धातू शोषला जातो हे सांगत नाहीत. महायोगराज गुग्गुळात नाग, वंग व रससिंदूर आहेत आणि आमवातात तो महिनोन् महिने दिला जातो, याचा विचार प्रत्येकाने करावा. आमच्याकडे आता असा कल्प दीर्घकाळ देण्यापूर्वी आणि दिल्यावर दर महिन्यास मूत्रातील अल्ब्युमिन पाहिले जाते. पट्टीची तपासणी स्वस्त आहे आणि दवाखान्यातच होते.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने आणखी दोन बाबी. वनस्पतिज औषधांसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा आहेत. धातुघटित कल्पांना त्या तशाच लावता येत नाहीत, म्हणून तेथे घटकांची स्पष्ट नोंद व वैद्यकीय देखरेखीची सूचना लेबलावर असणे अधिकच आवश्यक ठरते. दुसरे असे की, कालव्याच्या कडेची निर्गुंडी, बांधावरची पुनर्नवा, फवारलेल्या बागेच्या कुंपणावरची गुळवेल ही "ताजी" म्हणून आणली जाते. ती कोठून आली हे विचारण्याची पद्धत पडावी. गुळवेलीबाबत तर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये ऑटोइम्यून स्वरूपाच्या यकृतशोथाचे सहा रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर वनस्पतीच्या ओळखीचा आक्षेप घेतला आणि २०२२ मध्ये अनेक केंद्रांची अधिक मोठी मालिका पुढे आली. ज्या रुग्णास आधीच एखादा ऑटोइम्यून व्याधी आहे, त्यास गुळवेल देताना यकृताच्या चाचण्या करून घेण्यात आपले काहीच जात नाही.

चिकित्सेविषयी थोडक्यात. दूषीविषात स्वेदनानंतर ऊर्ध्व व अधः शोधन करून नित्य अगदपान सांगितले आहे. आमवातात साम अवस्थेत लंघन, रूक्ष वालुकास्वेद, दीपन-पाचन आधी; शोधन नंतर. हेतुविचारात दूषीविष आले म्हणून हा क्रम उलटू नये. सूज व अल्ब्युमिन असलेल्या क्षीण रुग्णास तर शोधन देऊच नये. क्षीण व अहितसेवी रुग्णाचे दूषीविष सुश्रुताने असाध्य म्हटले आहे, आणि चालू असलेली पुडी हेच अहितसेवन होय. संधिवाततज्ज्ञांनी दिलेले मेथोट्रेक्सेट "विष" म्हणून बंद करण्याचा सल्लाही कोणी देऊ नये. पहिल्या काही महिन्यांत शोथ आटोक्यात न आल्यास सांध्यांची झीज भरून निघत नाही, आणि ती बोटे पुढे आयुष्यभर वाकडीच राहतात.

वरील रुग्णेची पुडी बंद झाली. वृक्कतज्ज्ञांची औषधे चालू राहिली आणि सुमारे आठ महिन्यांनी मूत्रातील अल्ब्युमिन नाहीसे झाले. आमवात मात्र राहिला. आज ती संधिवाततज्ज्ञांचे औषध घेते, आमच्याकडून एरंडतेल, रास्नासप्तक क्वाथ व वालुकास्वेद घेते, आणि दर भेटीस घरातील औषधांची पिशवी सोबत आणते. आमच्या केसपेपरवर "पूर्वीचे काम", "हल्लीचे काम", "मिसरी-विडी" व "इतरत्र चालू असलेली औषधे, पुड्या, क्रीम" असे चार रकाने त्यानंतर छापून घेतले आहेत. त्यांतील चौथा रकाना पहिल्या भेटीत बहुधा कोराच राहतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो भरतो.