दुकानासमोरचा रस्ता: आधी गिऱ्हाईक मोजा, मग मत द्या

नवीन दुकान टाकणाऱ्याला मी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो. तुमचं गिऱ्हाईक दुकानापर्यंत येणार कशाने? बहुतेक जण अंदाजाने उत्तर देतात. हा अंदाज किती महागात पडू शकतो, ते आजच्या धड्यात बघू. उदाहरण मुंबईचं आहे, पण हिशोब आपल्या शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेचा आहे.

बीकेसीत काय झालं?

वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅक बांधला होता. २०२५ मध्ये त्याच एमएमआरडीएने तो काढून ती जागा गाड्यांना द्यायचं ठरवलं. कारण होतं वाहतूक कोंडी. एका बाजूला दोन लेन होत्या, त्या तीन करायच्या होत्या.

यावर दोन बाजू पडल्या. एका बाजूचं म्हणणं, ट्रॅक रिकामा पडलाय, त्यावर गाड्या उभ्या राहतात आणि शेजारी हजारो माणसं कोंडीत अडकतात. मग जागा अडवून ठेवायची कशाला? दुसरी बाजू म्हणते, वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून संकुलापर्यंत सायकलने सुखरूप येताच येत नाही, तर ट्रॅक भरणार कसा? आणि वाढवलेली लेनही थोड्या वर्षांत गाड्यांनी भरणारच. रस्ता रुंद झाला की गाडी काढणारेही वाढतात, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे.

आपण धंदेवाल्याच्या नजरेने बघू. 'चालत नाही' आणि 'चालवलंच नाही' यात फरक आहे. अर्धं शटर खाली ठेवायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, असं चालत नाही. पण कोंडीत अडकलेल्या माणसाचा त्रासही खरा आहे. म्हणून वाद घालण्याआधी बघायचं, की कोणी काय मोजलं? गाड्या मोजल्या तर एक उत्तर येतं, माणसं मोजली तर दुसरं.

दुकानदाराचा अंदाज कुठे चुकतो?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ससट्रान्स संस्थेने २००६ मध्ये दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं कारने येतात? त्यांचा अंदाज होता ४१ टक्के. गिऱ्हाइकांनाच विचारलं तेव्हा आकडा निघाला २२ टक्के. जवळजवळ निम्मा!

असं का होतं? कारवाला नजरेत भरतो. तो हॉर्न वाजवतो, गाडी लावायला जागा मागतो, जागा नसली की कुरकुर करतो. पायी येणारी बाई पिशवी भरते, पैसे देते आणि निघून जाते. ती लक्षात राहत नाही.

कॅनडातल्या टोरोंटोमध्ये हा वाद कोर्टापर्यंत गेला. कोंडी कमी करायची म्हणून ओंटारियो सरकारने २०२४ मध्ये ब्लूर, याँग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या सायकल लेन काढायचा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण सायकलवाल्यांच्या जिवाला धोका वाढतो. म्हणजे प्रश्न वेळ वाचण्यापुरता नाही, जिवाचाही आहे.

आपल्याकडे सायकल ट्रॅक कुठाय?

नाहीच. पण आपल्याकडे साईडपट्टी आहे. डांबराच्या कडेची ती चार-पाच फूट जागा हाच आपला ट्रॅक. शाळेला जाणाऱ्या मुलींच्या सायकली तिथूनच जातात. आसनगाव स्टेशनवरून शेअर रिक्षाने आलेला माणूस तिथेच उतरतो. मुरबाडला तर रेल्वे नाही. टोकावडे, धसई, सरळगावकडचं गिऱ्हाईक एसटीने, जीपने नाहीतर मोटरसायकलने येतं. पावसाळ्यात रानभाज्या घेऊन आलेल्या आदिवासी बायका त्याच पट्टीवर बसतात, आणि भाजी घ्यायला थांबलेली बाई मागच्या दुकानातून तेल-साबणही घेऊन जाते.

उद्या तुमच्या रस्त्यावर 'कोंडी होते, कडेची जागा मोकळी करून गाड्यांना द्या' अशी चर्चा निघाली, तर दुकानदार म्हणून तुम्हाला बोलावं लागेल. तेव्हा हातात आकडा हवा.

तीन पायऱ्यांचा हिशोब

१. मोजा. साधा दिवस एक आणि बाजाराचा दिवस एक. वहीत चार रकाने पाडा: पायी, सायकल-मोटरसायकल, रिक्षा-जीप-एसटी, चारचाकी. बिल करताना "कशाने आलात, ताई?" एवढंच विचारा आणि रेघ मारा.

२. बिल आणि फेऱ्या दोन्ही लिहा. समजा, चारचाकीवाला महिन्यातून एकदा येतो आणि ९०० रुपयांचा माल नेतो. रिक्षाने येणारी बाई आठवड्यातून दोनदा येते, दर वेळी १५० रुपयांचं घेते. महिन्याला ८ फेऱ्या, म्हणजे १,२०० रुपये. एका बिलात तो मोठा, महिन्याच्या गल्ल्यात ती मोठी.

३. जागेचा भाव काढा. एक चारचाकी उभी राहते तेवढ्या जागेत पाच-सहा मोटरसायकली मावतात. त्या जागेतून तासाभरात किती गिऱ्हाइकं दुकानात चढली, ते बघा.

आता एक सावधगिरी. हा हिशोब सगळ्यांचा सारखा येणार नाही. फर्निचर, सिमेंट, खताचं दुकान असेल तर टेम्पो दारात लागलाच पाहिजे. तिथे चारचाकीची जागा तुमचा श्वास आहे. किराणा, कटलरी, मोबाईल रिचार्ज, वडापावची गाडी असेल तर पायी माणूस तुमचा श्वास आहे. शेजाऱ्याचं ऐकून मत बनवू नका.

आकडा हातात आला की काय करायचं?

पाच-सात दुकानदारांनी आपापल्या वह्या एकत्र करा आणि नगरपंचायतीकडे लेखी अर्ज द्या. 'रस्ता रुंद करा' किंवा 'करू नका' एवढंच लिहून भागत नाही. नेमकं मागा: माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ, रिक्षा थांब्याची जागा, मोटरसायकलींसाठी आखलेला पट्टा, पायी माणसाला चालायला कड. बऱ्याचदा कोंडी रस्ता अरुंद असल्यामुळे होत नाही. भर गर्दीच्या वेळी माल उतरवणाऱ्या एका टेम्पोमुळे होते. त्यावर वेळ बदलणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

आणि आपल्या दारापासून सुरुवात करा. स्वतःची मोटरसायकल सकाळपासून दुकानापुढे उभी असेल, तर सगळ्यात मोक्याची जागा तुम्हीच अडवली आहे. ती मागे लावा. फळीचा पुढे आलेला भाग आत घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ: दोन दिवसांची मोजणी करा. पण मोजण्याआधी तुमचा अंदाज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अंदाज आणि आकडा शेजारी ठेवून बघा. त्या दोघांतला फरक म्हणजे तुमच्या दारात रोज येणारं, पण तुम्हाला न दिसलेलं गिऱ्हाईक.

भेटू पुढच्या व्हिडिओत.