दातेरी पट्ट्याचा ताण

सायकल स्टँडवर उभी करा. मागचा ब्रेक दाबून धरा व पेडल हाताने पुढे रेटा. मित्राला साखळी बोटाने दाबून पाहण्यास सांगा. वरची बाजू ताठ लागेल, खालची सैल. पुढचे दंतचक्र साखळीला वरून ओढते. खालून ती नुसती परत येते. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे मोटारीच्या इंजिनातील एक नाजूक काम सहज समजेल.

दट्ट्यांच्या वरखाली होण्याने क्रँकशाफ्ट फिरतो. झडपांची उघडझाप कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक; म्हणून त्याच्या चक्राला दाते दुप्पट. अनेक इंजिनांत या दोहोंना रबरी दातेरी पट्टा जोडतो. हाच टायमिंग बेल्ट. आपल्या शहराच्या पूर्वेस शेंद्रा येथे २००१ साली स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली, तिच्या १.९ लिटर डिझेल इंजिनात असाच पट्टा होता.

पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा घर्षणावर चालतो. तो किंचित घसरला तरी पीठ पडतच राहते. दातेरी पट्ट्याला मात्र एक दाताही चुकून चालत नाही. क्रँकशाफ्टच्या चक्राला २० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे ३६० ÷ २० = १८ अंश. पट्टा आणखी निसटला, तर पुष्कळ इंजिनांत वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो व झडप वाकते.

मग पट्टा खूप आवळावा का? नाही. समजा, पट्ट्यातील ताण २०० न्यूटन आहे आणि एका कप्पीवर तो ६० अंशांनी वळतो. त्या कप्पीवरील बल २ × २०० × साइन ३०°, म्हणजे २०० न्यूटन. ताण दुप्पट केला की बलही दुप्पट होते. बेअरिंग लवकर झिजते, पट्ट्याचेही आयुष्य घटते.

नेमका ताण राखणारी कप्पी म्हणजे टेन्शनर. तो सैल बाजूवर बसवतात. पुष्कळ टेन्शनरांत कप्पीचा आस मध्यापासून थोडा बाजूला असतो. तो फिरवला की कप्पी पट्ट्यावर दाबली जाते.

काम असे करतात. इंजिन पूर्ण थंड असावे. ॲल्युमिनियमचा ४० सेंटिमीटर भाग ६० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. पट्ट्यातील काचतंतू मात्र फारसे वाढत नाहीत. म्हणजे गरम इंजिनावर ताण वेगळाच दिसेल. प्रथम दोन्ही चक्रांच्या खुणा जुळवतात. मग ओढणारी बाजू ताठ ठेवून पट्टा चढवतात. टेन्शनर बाणाच्या दिशेने फिरवून त्याचा काटा खाचेशी आणतात, तो तसाच धरून ठेवतात आणि नट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाने आवळतात.

यानंतर क्रँकशाफ्ट हाताने, चालण्याच्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवतात. दोन का? कारण तेव्हाच कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो आणि दोन्ही खुणा पुन्हा समोर येतात. खुणा व काटा जागेवर असतील तरच काम पुरे. मध्येच अडखळले तर जोर न लावता थांबावे.

पडेगावच्या एखाद्या गॅरेजात कारागीर हे दोन फेरे फिरवताना दिसला, तर तो वेळ दवडतो आहे असे समजू नका. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ मात्र हात कधीही नेऊ नका.

आता एक उदाहरण सोडवा : क्रँकशाफ्टच्या चक्राला २४ दाते असतील, तर एक दाता चुकल्यास कॅमशाफ्ट किती अंशांनी चुकेल?