धनाग्र का झिजतो?



आपल्या नांदेड-लातूरकडे रात्रीची लाईट आली की शेतकरी बॅटरी घेऊन दारं धरायला निघतो. तीच बॅटरी महिनोन्‌महिने कोनाड्यात पडून राहिली, तर आतले सेल फुटतात, चिकट पाणी गळतं आणि स्प्रिंग गंजते. वापरलीच नाही, मग सेल फुटला कसा?

आधी प्रयोगशाळेतला प्रयोग पाहू. मोरचुदाच्या द्रावणात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घालून तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवतात. विजेच्या धन टोकाला जोडलेली पट्टी म्हणजे धनाग्र. तिथे असं घडतं:

तांब्याचा अणू → तांब्याचा धन आयन + २ इलेक्ट्रॉन

आयन द्रावणात उतरतो, म्हणून पट्टी झिजते. ऋणाग्रावर उलट क्रिया होऊन तेवढंच तांबं जमा होतं. किती? ६३.५ ग्रॅम तांब्याला सुमारे १,९३,००० कूलोम लागतात. ०.५ अँपिअर वीज ३० मिनिटे, म्हणजे ९०० कूलोम. उत्तर येतं सुमारे ०.३ ग्रॅम.

बरेच जण लिहितात, "आम्लाने तांबे विरघळले." इथेच चूक होते! विरल सल्फ्युरिक आम्लात तांबं नुसतं ठेवलं तर ते हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. इलेक्ट्रॉन ओढून घेते ती वीज. आम्लामुळे द्रावणातून वीज सहज वाहते.

जस्ताचं तसं नाही. ते जास्त क्रियाशील. विरल आम्लात टाकताच हायड्रोजनचे बुडबुडे येतात, वीज नसली तरी.

आता पुन्हा बॅटरीकडे या. साध्या सेलचं भांडंच जस्ताचं असतं आणि आतला अमोनियम क्लोराइडचा लगदा किंचित आम्लधर्मी. बॅटरी पेटवली की जस्त इलेक्ट्रॉन देत झिजतं. बंद असली तरी हळूहळू झिजतच राहतं, आत वायू साठतो, भांड्याला भोक पडतं आणि सेल गळतो. म्हणून बॅटरी बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवा. घरीही सांगा.

नीटची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी. सेलमध्ये जस्ताचं टोक ऋण असतं, तरी ॲनोड तेच! मायकेल फॅरेडेने १८३४ मध्ये 'ॲनोड' शब्द रूढ केला. आपण त्याला 'धनाग्र' म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. चिन्ह पाठ करू नका. जिथे ऑक्सिडीकरण होतं, इलेक्ट्रॉन सुटतात, तो ॲनोड.

स्वाध्याय : वरच्या प्रयोगात मोरचुदाचा निळा रंग फिका का पडत नाही? कारण लिहा.