परवाना आणि पात्रता

जालना जिल्ह्याला रस्त्यांचा वारसा फार जुना आहे. आज भोकरदन या नावाने ओळखले जाणारे गाव प्राचीन काळी भोगवर्धन म्हणून प्रसिद्ध होते. उज्जयिनीहून प्रतिष्ठानास, म्हणजे आजच्या पैठणास, जाणाऱ्या व्यापारी मार्गावर ते वसले होते. पुढे कुंडलिका नदीच्या तीरावरील जालना शहर व्यापारामुळे असे भरभराटीस आले, की ‘जालना सोने का पालना’ ही म्हण लोकांच्या तोंडी रुळली. काळ पालटला. बैलांचे तांडे गेले, बैलगाड्या मागे पडल्या, मोटारी आल्या; आणि आता नागपूर व मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्याच्या जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. रस्ता बदलला तसा वेगही बदलला. परंतु त्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची दृष्टी तितकीच बदलली आहे काय?

या प्रश्नाचा विचार करताना परदेशी गेलेल्या मराठी माणसांचा अनुभव उपयोगी पडतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी महाराष्ट्रातील अनेक तरुण परदेशी जातात. जाताना कित्येकजण प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना घेतात. तो एक वर्षापुरता असतो. पुढे त्या देशात स्थायिक व्हावयाचे ठरले, की बहुतेक ठिकाणी तेथील परीक्षा नव्याने द्यावी लागते. दहा वर्षे मोटार हाकलेला मनुष्य पुन्हा विद्यार्थी होतो, आणि पुष्कळदा अनुत्तीर्णही होतो. असे का व्हावे?

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तेथे भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालतात. म्हणून आपल्याकडील माणसास वाटते, की येथे नवे शिकण्यासारखे काय आहे? भारतीय परवान्यावर त्या देशात पहिले बारा महिने वाहन चालविता येते. त्यानंतर मात्र परीक्षेवाचून सुटका नाही. प्रथम लेखी परीक्षा असते. तीत ५० प्रश्न विचारतात आणि त्यांपैकी निदान ४३ प्रश्नांची उत्तरे बरोबर यावी लागतात. त्यानंतर १४ लहान चित्रफिती दाखविल्या जातात. चालकाच्या आसनावरून रस्ता जसा दिसतो, तसा तो त्यांत दिसतो. पुढे धोका उत्पन्न होत आहे असे ज्या क्षणी जाणवेल, त्याच क्षणी परीक्षार्थीने कळ दाबावयाची असते. समजा, उभ्या मोटारीच्या मागून एक चेंडू घरंगळत रस्त्यावर आला. चेंडूने कोणास इजा होत नाही; पण चेंडूमागून मूल धावत येणार, हे ज्याला चेंडू पाहताच उमजते, तोच चांगला चालक. मूल दिसल्यावर ज्याचे डोळे उघडतात, त्याला उशीर झालेला असतो.

लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष रस्त्यावरील परीक्षा येते. आरंभीच २० मीटर अंतरावरील वाहनाचा क्रमांक वाचून दाखवावा लागतो. मग सुमारे ४० मिनिटे परीक्षक शेजारी बसून सर्व काही टिपून घेतो. किरकोळ चुका काही मर्यादेपर्यंत क्षम्य असतात. परंतु एकही गंभीर चूक घडली, की परीक्षार्थी अनुत्तीर्ण होतो. ही परीक्षा देणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक अनुत्तीर्ण होतात, आणि त्यांत त्या देशात जन्मलेलेही असतात.

आपल्याकडील अनुभवी चालक ज्या चुका करतो, त्या हाताच्या नसतात. त्याचा हात तर तयार असतो. वळण्यापूर्वी तो आरशात पाहत नाही. मान वळवून मागची बाजू न्याहाळत नाही. पुढील वाहनाच्या अगदी निकट जातो. पांढऱ्या पट्ट्यांपाशी कोणी पादचारी उभा असता थांबण्याऐवजी तो भोंगा वाजवितो. परीक्षा संपल्यावर तो म्हणतो, “मी कोणास धक्कादेखील लावला नाही, मग मी नापास कसा?” परंतु परीक्षकाची दृष्टी निराळी असते. आज धक्का लागला नाही तो दैवाने की दक्षतेने, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

या परीक्षांविषयी परदेशस्थ मराठी माणसांची मते एकसारखी नाहीत. काहीजण कुरकुर करतात. शुल्क फार, शिकवणीचा खर्च त्याहून फार, आणि परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे असते. ते सर्वस्वी खोटे नाही. दुसरे काहीजण म्हणतात, “आपल्या रस्त्यावर गुरे, गाड्या, सायकली, माणसे सर्व एकत्र चालतात. तेथे ज्याने मोटार हाकली, त्याच्याइतका सावध चालक जगात सापडणार नाही.” यातही तथ्य आहे. परंतु विचारी मनुष्य त्यावर उत्तर देतो, की ती सावधता स्वतःला वाचविण्यासाठी असते. आपल्यापासून दुसऱ्यास सावध राहण्याची वेळच येऊ नये, ही त्यापुढची पायरी होय. आणि परदेशातील परीक्षा नेमकी तीच पायरी चढावयास लावते.

निरनिराळ्या देशांनी ही पायरी निरनिराळ्या रीतीने बांधली आहे. जर्मनीत भारतीय परवाना सहा महिनेच चालतो. त्यापुढे लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अपघातात सापडलेल्या माणसास प्रथमोपचार कसे करावेत, हे शिकल्यावाचून तेथे परवाना हाती पडत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी. परंतु एक नियम सर्व राज्यांत आहे. शाळेची बस तांबडे दिवे लुकलुकवीत थांबली, की मागची वाहने थांबतात. आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणारी वाहनेही जागच्या जागी उभी राहतात. मुले रस्ता ओलांडून जाईपर्यंत कोणी हलत नाही. नव्याने गेलेल्या भारतीय माणसाच्या मनावर हे दृश्य कायमचे ठसते. चार लहान मुलांसाठी सारा रस्ता थांबतो!

मग ही शिस्त त्या लोकांच्या रक्तातच असते काय? इतिहास तसे सांगत नाही. ब्रिटनमध्ये १९३४ साली वाहनांची संख्या २५ लाखांच्या आत होती. तरीही त्या एका वर्षात रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्यू पावली. त्या काळी चालकास परीक्षाच नव्हती. या हानीने तो देश हादरला. त्याच वर्षी कायदा झाला. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यांवर ताशी ३० मैलांची वेगमर्यादा आली, आणि १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. १९६७ साली मद्यपी चालकांच्या श्वासाची तपासणी सुरू झाली. १९८३ साली पुढील आसनावरील माणसांना सीट बेल्ट सक्तीचा झाला. यांतील जवळजवळ प्रत्येक सुधारणेच्या वेळी लोकांनी विरोध केला. परंतु वाहने कितीतरी पटींनी वाढली असूनही २०२२ साली तेथील मृत्यूंची संख्या १,७११ इतकी खाली आली होती. शिस्त ही वारशाने मिळत नाही. ती परिश्रमपूर्वक अंगी बाणवावी लागते, हाच याचा अर्थ.

केवळ परीक्षा कडक केली म्हणजे सर्व काही साधले, असेही नव्हे. मनुष्य कितीही शिकला तरी केव्हा ना केव्हा चुकणारच. म्हणून स्वीडनच्या संसदेने १९९७ साली असे धोरण स्वीकारले, की रस्त्यावर एकही मृत्यू वा गंभीर इजा होऊ नये, हेच ध्येय ठेवावे. आणि माणसाच्या एका चुकीची किंमत त्याच्या प्राणाने द्यावी लागू नये, अशा रीतीने रस्ते बांधावेत. चांगला चालक, चांगला रस्ता, चांगले वाहन आणि वेळेवर मिळणारी मदत या चारही गोष्टी जुळल्या म्हणजेच प्रवास निर्धोक होतो.

आता आपल्या देशाकडे पाहू. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक घरांवर आकाश कोसळले. हेल्मेट न घातल्यामुळे प्राणांस मुकलेल्यांची संख्याच त्यांत पन्नास हजारांवर होती. आपल्याकडे कायदा नाही, म्हणून हे घडते काय? तसे म्हणता येत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. १९८९ चे नियमही आहेत. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून निदान तीस दिवस गेल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. आरशाचा उपयोग करणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, सुरक्षितपणे ओलांडून पुढे जाणे, खुणा ओळखणे, संकटसमयी वाहन झटकन थांबविणे, या सर्वांची परीक्षा घ्यावी, असे त्या नियमांत लिहिलेले आहे. परंतु नियम पुस्तकात राहून चालत नाही. परीक्षा म्हणजे कसेबसे पार पाडावयाचे एक काम, अशी समजूत जेथे असते, तेथे परवाना मिळतो. पात्रता मात्र मागेच राहते.

जालना जिल्ह्यात ही पात्रता पदोपदी कसास लागते. अंगारकी चतुर्थीस राजूरच्या गणपतीला भाविकांच्या झुंडीच्या झुंडी पायी निघतात. रात्रीच्या काळोखात त्यांच्या शेजारून वाहने धावत असतात. ऊसतोडीच्या दिवसांत अंबड व घनसावंगी या भागांत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर संथपणे कारखान्याकडे जात असतात. गाडीच्या मागे प्रकाश परावर्तित करणारी लाल पट्टी नसेल, तर मागून येणाऱ्यास ती गाडी दिसते तेव्हा मध्ये फारसे अंतर उरलेले नसते. समृद्धी महामार्गावर पादचारी व दुचाकी यांना मज्जाव आहे. परंतु तेथील धोका वेगळ्या प्रकारचा. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. डुलकी दोनच सेकंदांची असली, तरी तेवढ्यात ६६ मीटर रस्ता चालकावाचून कापला जातो! जालन्याच्या शेजारी सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर एक खाजगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी दगावले. सरळ व प्रशस्त रस्ताही माणसाच्या दक्षतेची जागा घेऊ शकत नाही.

या गोष्टी मोठ्यांच्या आहेत, मुलांचा त्यांच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु गावोगावी चौदा-पंधरा वर्षांची मुले दोघा-तिघांना मागे बसवून मोटारसायकल पळविताना दिसतात, आणि घरची मंडळी कौतुकाने पाहत असतात. गिअरची दुचाकी किंवा मोटार चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालविण्याचा गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवानाही मिळत नाही. शिक्षेच्या भयापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या वयात हात लवकर तयार होतात, पण पुढे काय घडेल हे ओळखण्याची दृष्टी अद्याप यावयाची असते.

दृष्टी मात्र आजपासूनही घडविता येते. पायी चालताना, सायकल हाकताना, एस.टी.च्या खिडकीशी बसलेले असताना रस्ता नीट पाहावा. पुढे धोका कोठून येईल, हे मनाशी ताडावे. वडील मंडळी हेल्मेट न घालता निघाली, तर ते नम्रपणे त्यांच्या हाती द्यावे. अपघात दिसल्यास १०८ या क्रमांकावर कळविण्यास कचरू नये. मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये, म्हणून कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. जखमी माणसाचा पहिला तास फार मोलाचा असतो.

परदेशी गेलेला मराठी माणूस परीक्षेस बसून जे शिकतो, ते शिकण्यासाठी समुद्र ओलांडण्याची आवश्यकता नाही. तोच माणूस सुट्टीत गावी आल्यावर सीट बेल्ट विसरतो, असे पुष्कळदा दिसते; यावरून केवळ परक्याच्या धाकाने आलेली शिस्त किती टिकते, हे कळते. परवाना कार्यालयातून मिळतो. पात्रता ज्याची त्याने, पाहणारा कोणी नसतानाही, रोज सिद्ध करावयाची असते. चालकाने ती सिद्ध केली, तरच राजूरच्या वाटेवरचा पायी चालणारा यात्रेकरू आणि ऊस घेऊन निघालेला गाडीवान सुखरूप घरी परततात.

स्वाध्याय

१. अनुभवी चालकही परदेशातील परीक्षेत अनुत्तीर्ण का होतो?
२. ‘शिस्त वारशाने मिळत नाही’ हे विधान ब्रिटनच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. प्रवास निर्धोक होण्यासाठी कोणत्या चार गोष्टी जुळाव्या लागतात? त्यांपैकी तुमच्या गावी कोणती उणी पडते?
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अंगी बाणवणे, कसास लागणे, कचरणे, मज्जाव असणे.
५. शाळेपासून घरापर्यंतच्या रस्त्याचे एक दिवस निरीक्षण करा. तुम्हांस आढळलेली धोक्याची ठिकाणे व त्यांवरील उपाय दहा ओळींत लिहा.