दात पाहून घास द्यावा

आषाढीच्या वाटेवर श्रीतुकोबारायांची पालखी बारामती सोडून इंदापूरकडे निघाली, म्हणजे काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते आणि पुढे बेलवाडीस अश्वांचे. आपण मेंढीला हात जोडतो, अश्वाच्या टापेखालची माती कपाळी लावतो. पण त्यांच्या तोंडात काय आहे, हे कितीकांनी पाहिले?

मेंढीचा वरचा ओठ उचलून पाहा. समोर वर एकही दात नाही, नुसती घट्ट हिरडी! खाली आठ दात, आणि मागे वर-खाली मिळून 24 दाढा. एकूण 32. गाईबैलांचेही तसेच. माणसाचीही बत्तिशीच, पण मांडणी निराळी. गाय जिभेने गवत वेटाळते, खालचे दात व वरची हिरडी यांत धरून हिसक्याने तोडते, गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. जबडा आडवा फिरतो, अगदी जात्यासारखा.

घोड्याला रवंथ नाही. जे चावायचे ते गिळण्याआधीच. म्हणून त्याला पुढचे दात दोन्हीकडे, आणि दाढा अशा उंच की झिजतील तशा वर सरकतात.

इंदापूरच्या माळावरचा लांडगा मात्र 42 दातांचा. सुळे धरायला, दाढा कात्रीसारख्या. जबडा आडवा फिरतच नाही. गवत तो कशाने दळणार? उगाच त्याला पापी म्हणू नये.

संस्कृतात दाताला द्विज म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो. गुरांचेही दुधाचे दात पडून पक्के येतात, त्यावरूनच बाजारात आदत, दोन दाती, चार दाती असे वय ठरते. पाणिनीनेही वय सांगताना दन्त शब्दाचे रूप पालटते, असा नियम केला आहे. द्विदन्, चतुर्दन् ही रूपे त्यातलीच.

हे सांगायचे कारण असे, की रथाच्या बैलांना माणसे भक्तीने पुरणपोळ्या, पुऱ्या, भात चारतात. मऊ अन्न बैल नीट रवंथत नाही, लाळ कमी सुटते. ते पोटात आंबते, आम्ल वाढते, पोट फुगते. वेळीच उपचार झाला नाही तर जनावर दगावते. घोड्याला तर ओकताही येत नाही. तेव्हा नैवेद्याची पोळी आपल्या पंगतीत वाटा. बैलांसाठी कडब्याची पेंढी न्या, आणि तीही बैल सांभाळणाऱ्याला विचारून त्याच्याच हाती द्या.