काचेआडचे ऊन आणि डोकेदुखी

"दुपारी चार वाजले की डोके ठणकू लागते," पस्तिशीचा एक कारकून सांगत होता. रक्तदाब ठीक होता, चष्म्याचा नंबरही तपासून झाला होता. सहा महिने तो कामाच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेत होता. रविवारी मात्र डोके दुखत नसे. अधिक विचारल्यावर उलगडा झाला. कचेरी नव्या इमारतीत गेली होती. पश्चिमेची भिंत संपूर्ण काचेची आणि याची खुर्ची नेमकी त्या काचेकडे तोंड करून!

आता तालुक्याच्या गावीही काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत. म्हणून हा विषय.

त्रास का होतो?

लिहिण्यावाचण्याला ३०० ते ५०० लक्स उजेड पुरतो. भर उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात जातो. समोर झगझगीत काच आणि तिच्यापुढे संगणकाचा मंद पडदा असला, की डोळे बारीक करून पाहावे लागते. कपाळाचे व मानेचे स्नायू आखडतात आणि डोके दुखते. शिवाय काचेतून आलेल्या उन्हाने टेबल, फरशी तापते; ही उष्णता काचेतून सहज परत जात नाही.

ल कॉर्बुझिए या थोर वास्तुशिल्पकारालाही याचा चटका बसला. त्यांनी पॅरिसमध्ये निराधारांसाठी बांधलेले निवासगृह १९३३ मध्ये सुरू झाले. दक्षिणेची भिंत बंद काचेची होती. उन्हाळ्यात आतले लोक उकाड्याने हैराण झाले. पुढे उघडणाऱ्या खिडक्या आणि बाहेरून सूर्यरोधक बसवावे लागले. चंदीगडच्या सचिवालयाला त्यांनी असे सूर्यरोधक मुळातच दिले. आपल्या जुन्या कचेऱ्यांचा रुंद व्हरांडा हेच काम करतो.

उपाय

१) ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतला पडदा झगझग कमी करतो, पण उष्णता तोवर आत आलेली असते. दक्षिणेला छज्जा पुरतो. पूर्व-पश्चिमेचे ऊन तिरपे येते. तिथे उभ्या पट्ट्या, बांबूचे चिक किंवा झाड हवे.

२) खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असावी.

३) दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहा.

४) पडदे ओढून दिवसभर ट्यूबलाइटखाली बसू नका. दिवसाचा उजेड झोपेचे घड्याळ नीट ठेवतो. मात्र काचेआड बसून 'ड' जीवनसत्त्व मिळत नाही. त्याला लागणारे किरण काच अडवते. त्यासाठी थोडे बाहेर पडावे.

५) महिन्यात १५ किंवा अधिक दिवस वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते, काही गोळ्या जठर व मूत्रपिंडालाही बाधतात.

केव्हा थांबू नये?

अचानक असह्य डोकेदुखी, सोबत उलट्या, ताप, धूसर दिसणे, हातापायांत अशक्तपणा किंवा बोलताना अडखळणे असेल, तर उन्हाला दोष देत न बसता ताबडतोब डॉक्टर गाठावा.

आमच्या कारकुनाने टेबल फिरवले, साहेबांनी बाहेरून चिक लावले. महिन्याभराने तो आला तो मुलाच्या खोकल्यासाठी. गोळी शेवटची केव्हा घेतली, हे त्याला आठवावे लागले.